हराळीवरचं गोल्फ

दिनकररावांच्या आणि माझ्या शेताला बांध एकच आहे. त्या बांधावरून जेवढं भांडायचं तेवढं आमच्या बापांनी भांडून घेतलं, त्यामुळे आमच्या वाट्याला नुसती दोस्ती उरली. तरी मी सावध असतो. शेजारी काय पेरलंय, काय फवारलंय, पाणी कुठं वळवलंय, सगळं माझ्या नजरेत असतं. पण शेजारच्या रानातून एक पांढरा चेंडू उडत येईल आणि आखाड्यावर, म्हणजे रानातल्या छपरीत, जेवत बसलेल्या माझ्या डोक्यावरच्या पत्र्यावर आदळेल, यासाठी कोणत्या शेतकऱ्यानं सावध राहायचं ते मला सांगा. पत्रा असा वाजला की म्हशीनं दावं तोडलं आणि वरण माझ्या मांडीवर सांडलं.

मला राग लवकर येतो. भाकर तशीच टाकून मी बांधावर गेलो. पलीकडे दिनकरराव उभे होते. डोक्यावर जावयाची जुनी टोपी, पायजमा नडगीपर्यंत खोचलेला, हातात टोकाला वाकलेली लोखंडी काठी, आणि तोंडावर नवरदेवाला शोभेल असं हसू.

“बन्सी, उडाला रं,” ते म्हणाले. “पयल्यांदाच उडाला.”

“माझं डोकं फुटलं असतं.”

“व्हय. पर उडाला का न्हाई?”

आता या माणसाशी भांडायचं कसं? हा चेंडू उडायला किती उठाठेव झाली होती ते मला ठाऊक होतं. तुम्हांला ठाऊक नाही, म्हणून दिवाळीपासून सांगतो.

दिनकरराव एकसष्ट वर्षांचे आहेत, पण कशाचं खूळ डोक्यात शिरलं की सोळाचे होतात. एकदा त्यांनी मधमाश्या पाळल्या, तेव्हा निम्म्या गावाचे चेहरे सुजले होते. एकदा रानात मासे करतो म्हणाले. ते मासे बगळ्यांनी खाल्ले आणि बगळे अजून आमच्याकडेच राहायला आहेत. त्यांच्या बायकोला, कडूवहिनींना, या सगळ्याची सवय झालेली आहे. नाव कडू असलं तरी बाई गोड आहे, फक्त नवऱ्याशी बोलताना नावाला जागते.

या वेळचं खूळ मात्र वेगळं होतं. त्याला कारण होतं त्यांची नात अर्पिता. ही त्यांच्या लेकीची, निकिताची मुलगी. वय नऊ, राहायला पुण्याला. लहान होती तोवर ती दर उन्हाळ्यात पालमला एसटीतून उतरायची, आमच्या गावात महिनाभर करडांच्या मागं पळायची, माझ्या चिंचा पाडायची आणि जाताना रडून गाव गोळा करायची. मग दोन उन्हाळे आलीच नाही. सुट्टीत शिबिरं निघाली. एका वर्षी पोहण्याचं, दुसऱ्या वर्षी गोल्फचं. गोल्फ तिच्या दुसऱ्या आजोबांचा, म्हणजे दिनकररावांचे व्याही शिवशंकरराव यांचा. ते मोठ्या कंपनीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेत आणि दर रविवारी नातीला मैदानावर घेऊन जातात. माणूस चांगला आहे, पण बूटसुद्धा गोल्फचे वेगळे ठेवतो.

पूर्वी फोनवर “आबा, शेळी व्याली का?” असं विचारणारी पोरगी आता सांगायची, “आबा, आज मी बंकरच्या वाळूतून एका शॉटमध्ये चेंडू बाहेर काढला.” दिनकरराव “वा वा” करून फोन ठेवायचे आणि बायकोला विचारायचे, “बंकर म्हंजी काय गं?”

“मला काय ठावं,” वहिनी म्हणायच्या. “भाईर काढलाय मनती तर चांगलंच असंल.”

दिवाळीत ते पुण्याला गेले तेव्हा त्यांनी नातीला सरळ विचारलं, औंदा उन्हाळ्यात येशील ना. ती म्हणाली, “आबा, पण तिकडं गोल्फ नाहीये ना.” पोरीच्या मनात काही नव्हतं. पण हे मला सांगताना त्या माणसानं तोंड बांधाकडं फिरवलं, आणि मी उगाच चिलटं हाकलल्यासारखं केलं.

दुसऱ्याच दिवशी ते व्याह्यांबरोबर मैदानावर गेले. तिथं गालिच्यासारखं हिरवंगार गवत पाहून यांनी आधी चपला काढल्या. शिवशंकररावांनी त्यांच्या हातात काठी दिली, पाय कसे ठेवायचे, मूठ कशी धरायची ते दाखवलं आणि सांगितलं, “चेंडूच्या पुढची जमीन थोडी निघाली पाहिजे, दिनकरराव. गवताचा एक पापुद्रा उडू द्या.” इथंच घोडं अडलं. दिनकररावांनी जन्मात दुसऱ्याच्या उभ्या पिकात पाय घातलेला नाही. त्यांची काठी दरवेळी गवताच्या वरूनच निघून जाई. चेंडूला डोक्यावर निसटती टपली बसे आणि तो उंदरासारखा सरपटत चार हातांवर जाऊन थांबे. एकदा चुकून गवताची ढलपी निघाली, तर यांनी ती उचलून परत जागेवर बसवली, पायानं दाबली आणि लांब उभ्या असलेल्या माळ्याला हात जोडले.

अर्पिता पोट धरधरून हसली. मग त्यांनी तिथंच तिला शब्द दिला, “तू सुट्टीत ये. आपल्या रानात गोल्फ करतो मी.”

पोरगी व्यवहाराला पक्की. म्हणाली, “खरा गोल्फ? होलभोवती बारीक गवताचं ग्रीन लागतं, होल लागतो, झेंडा लागतो. आणि तुम्हांला खेळता आलं पाहिजे. एकटीनं खेळायला मला बोअर होतं.”

“येतंय की. मे महिन्यापस्तोर सगळं येतंय,” दिनकरराव म्हणाले.

अशा तऱ्हेनं हा माणूस व्याह्यांच्या जुन्या तीन काठ्या आणि पिशवीभर चेंडू घेऊन गावी आला. बोअरजवळचं सोयाबीन निघाल्यावर तो तुकडा त्यांनी मोकळाच ठेवला. लोक हरभरा पेरत होते आणि हे मोबाइलवर हिंदीतून गोल्फ शिकत होते. मोबाइलमधला मनुष्यही तेच सांगायचा, की जमीन उखडा. आणि यांचा चेंडू आपला सरपटतच जायचा.

“आता तर रान तुझं हाय. हाण की जमिनीला,” मी म्हणालो.

“काळी आई हाय, बन्सी. तिला खेळासाठी हाणू व्हय?”

“नांगरताना काय तिला गोंजारतूस?”

“त्याला निमित्त असतंय. हे बिनकामाचं हाणणं झालं.” आणि पुन्हा एक टपली, पुन्हा एक उंदीर. बांधावर बसलेली पोरंसोरं कंटाळून घरी गेली. मी म्हटलं, संपलं खूळ.

मग संक्रांतीच्या सुमाराला पुण्याहून गवत आलं. ग्रीनसाठी म्हणून शिवशंकररावांनी खास पाठवलेला एक ट्रे, ट्रॅव्हल्सनं परभणीपर्यंत आणि तिथून एसटीच्या डिकीतून. फोनवर बजावलं, “बाहेरच्या जातीचं आहे, नाजूक असतं, जपा.” नखाएवढं बारीक कापलेलं, मखमलीसारखं गवत. दिनकररावांनी ते ओसरीवर घमेल्यात लावलं, वर हिरवी जाळी बांधली, खाली चाळलेलं शेणखत घातलं आणि सकाळ-संध्याकाळ तांब्यानं पाणी घालू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबूनच दाखवायचे. मला तेवढी हात लावायची परवानगी होती. मीही दोन बोटं फिरवून म्हणालो, “मऊ हाय. पुण्याचं म्हटल्यावर काय.”

गवत जोमात आलं. घमेल्याच्या काठावरून खाली लोंबायला लागलं. एका सकाळी कडूवहिनी ओसरी झाडताना थांबल्या. खाली बसल्या, एक काडी ओढली, तिचं पेर बोटात धरून मोडलं, टोकाचा तीन बोटांचा तुरा पाहिला आणि म्हणाल्या, “आवं, ही तर हराळी हाय.”

मी तिथंच चहा पीत होतो. हराळी म्हणजे तीच, गणपतीला दूर्वा म्हणून वाहतात ती. देवाच्या डोक्यावर एकवीस काड्या शोभतात, पण काळ्या रानात एक पेर राहिलं तर पुढच्या पावसाळ्यात निम्मं रान तिचं. वहिनींची बोटं तिच्या मुळ्या वेचून वेचून वाकडी झालेली. दिनकररावांनी तिच्यापायी दोनदा खोल नांगरट केलेली, माझ्या बापानं तर मरताना पाणी मागायच्या आधी विचारलं होतं की वरच्या पट्टीतली हराळी निघाली का. आणि त्या हराळीला हा माणूस शेणखत घालून, जाळी बांधून, तांब्यानं पाणी पाजत होता.

दिनकरराव आधी लाल झाले. मग त्यांनी वहिनींच्या हातातली काडी घेऊन माझ्यापुढं धरली. “बन्सी,” ते म्हणाले, “पुण्यात हराळीला मोटार लावून पाणी देतात. तिला कापायला मशीन हाय. तिला जपायला पगारी माणूस हाय, अन् मी त्या माणसाला हात जोडून आलो.” हसता हसता ते खांबाला टेकून खाली बसले. वहिनींनी पदर तोंडात कोंबला. माझा चहा नाकातून आला. आम्ही तिघं इतके हसलो की कोणाचं काय झालं म्हणून वाटेनं जाणारी सगुणाबाई डोक्यावरचं सरपण घेऊन दारात येऊन उभी राहिली. तिला कारण सांगितल्यावर ती हसली नाही. ती म्हणाली, “एवढी हौस हाय तर माझ्या रानात या की. पोत्यानं देते.”

दुसऱ्या दिवशी दिनकरराव रानात गेले, चेंडू ठेवला आणि काठी उचलली. नंतर त्यांनी मला सांगितलं, “मला चेंडू दिसलाच न्हाई, बन्सी. त्याच्या खालची हराळी दिसली.” अख्ख्या जन्माचा राग खांद्यातून उतरला. ढेकूळ उडालं, धूळ उडाली, आणि चेंडू असा सणसणत वर गेला की त्यांनाच तो कुठं गेला कळेना. तो माझ्या पत्र्यावर होता, हे मी वर सांगितलंच आहे.

तेव्हापासून त्यांचा खेळ वाढीला लागला. वहिनी ज्वारीची राखण करता करता बांधावरून ओरडायच्या, “मुळासगट घ्या. वरवर नगा खुडू.” आणि चेंडू जायचा. काठी मागं न्यायची घाई कमी झाली, नजर खाली राहायला लागली. चेंडू पूर्वी चौफेर जायचे, ते हळूहळू एका दिशेनं जाऊ लागले. दुर्दैवानं ती दिशा माझी होती.

खरं भांडण झालं ते ग्रीनवरून. घमेल्यातली हराळी लावायला दिनकररावांनी जागा ठरवली ती नेमकी बांधाला लागून. मी कुदळ घेऊनच गेलो. “हराळी? माझ्या बांधाला? उद्या गाजरगवत लाव, परवा निवडुंग लाव,” असं बरंच बोललो, काही त्यांच्या बापाबद्दलही बोललो. दोन दिवस आमचं तोंड पाहणं बंद. शेवटी वहिनींनी निकाल दिला: ग्रीनच्या चारी बाजूंनी गुडघाभर खोल चर खणायचा, त्यात जुने पत्रे उभे पुरायचे, आणि एक काडी जरी पलीकडं गेली तर दिनकररावांनी माझं अख्खं रान खुरपून द्यायचं. चर खणून झाल्यावर मी पाहणीला गेलो. सहज म्हणून एक काठी हातात घेतली, सहज म्हणून एक चेंडू मारला. तो लागला, आणि हातापासून कानापर्यंत असं काही गोड वाजलं की मी दुसरा ठेवला. घरी अंधार पडता पडता पोचलो. बायकोला सांगितलं, बांधाचं काम निघालं होतं.

हराळीच ती. चैत्राच्या उन्हात सगळं रान करपलं तरी बोअरच्या पाण्यावर तिचा चौकोन हिरवागार झाला. कापायचा प्रश्न गावातल्या ग्यानबाच्या मेंढ्यांनी सोडवला. त्या चरायला सोडल्या की गवत एकसारखं बारीक, मागून दिनकरराव काठावरूनच लांब दांड्याच्या खराट्यानं लेंड्या झाडायचे. मधोमध भोक, भोकात वेळूची काठी, काठीला वहिनींच्या जुन्या पातळाचा झेंडा. मेंढ्यांशिवाय मात्र त्या ग्रीनवर कोणी पाय ठेवायचा नाही. मी एकदा ठेवला तर अंगावर धावून आले. “दबल ना, पोरगी येईस्तोर.” ज्या हराळीच्या नावानं या माणसानं जन्मभर बोटं मोडली, तिच्यासाठी मला हाकलत होता.

तोवर काळ्या रानाला भेगा पडल्या होत्या, हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या. चेंडू पडला की गडप. तरी दिनकरराव खेळत राहिले, आणि मे लागला तेव्हा त्यांच्या आखाड्यापासून मारलेला चेंडू दुसऱ्या टोल्यात ग्रीनवर पडायला लागला. मी डोळ्यांनी पाहिलंय. तो चेंडूही ते काठावरूनच खराट्यानं ओढून घ्यायचे.

औंदा धोंड्याचा महिना मेमध्येच आला. जावयाला जेवायला बोलावलं, त्याच्याबरोबर निकिता आली, अर्पिता आली, आणि उत्सुकतेपोटी शिवशंकररावही आले, वेगळे बूट घेऊन. पण आल्या आल्या निकितानं सांगून टाकलं, सोमवारी अर्पिताचं शिबिर सुरू होतंय, उद्या सकाळी सगळ्यांना निघायचंय. दिनकररावांनी मान डोलावली. “तितक्यात एक डाव तर हुईल,” म्हणाले. सगळा उन्हाळा या एका डावावर आला होता.

दुपारी पुरणाचे धोंडे, त्यावर तूप, वर आग्रह. शिवशंकररावांना उठून उभं राहायला जावयाचा हात लागला. उन्हं उतरल्यावर आम्ही रानात गेलो. बांधावर गाव बसलेलं. अर्पितानं ग्रीन पाहिलं, झेंडा पाहिला, वाकून गवतावर हात फिरवला. “आबा, हे खरंखुरं आहे,” ती म्हणाली, आणि दिनकररावांची छाती शर्टात मावेना.

आधी अर्पितानं मारला, सरळ आणि सुरेख. शिवशंकररावांनी मारला तो पुरणासकट मारला. चेंडू जरा घरंगळला आणि भेगेत गेला. पुण्याच्या मैदानावर भेगा नसतात. ते बिचारे भेगेपाशी गुडघे टेकून नियम आठवत बसले. मग दिनकरराव. एक टोला, दुसरा टोला, आणि चेंडू झेंड्यापासून चार पावलांवर टपकन पडून थांबला. गावानं शिट्ट्या मारल्या. अर्पिता तोंड उघडं टाकून आबांकडं पाहत राहिली. मी शेजारच्याला सांगितलं, आमच्या बांधावर शिकलेला माणूस आहे.

दिनकरराव ग्रीनच्या काठाशी आले, चपला काढल्या, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा आपल्या हराळीवर पाय ठेवला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसानं इथं एकदाही चेंडू मारून पाहिलेला नाही.

चार पावलांवरचं भोक. हळू ढकलायचं, बस. पण हराळी उपटायला शिकलेल्या त्या खांद्यांना हळू म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. चेंडू भोकावरून उडून पलीकडच्या चरापर्यंत गेला. तिथून मारला तो अलीकडच्या चरापर्यंत आला. लोक आधी हसले. दिनकरराव इकडून तिकडं, तिकडून इकडं करू लागले. तोवर अर्पिताचा चेंडू भोकात गेला. भेगेतून निघून शिवशंकररावांचाही गेला. दिनकरराव मारतच होते. मग हसणंही थांबलं. शेवटी त्यांनी चेंडू हातानं उचलला, खिशात टाकला आणि बांधावर माझ्याजवळ येऊन बसले. मी पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं नाही.

“गेली रं पोरगी,” ते हळूच म्हणाले.

मला प्रत्येक गोष्टीवर बोलायची सवय आहे. त्या वेळी मात्र मी पाण्याचा तांब्या नुसता पुन्हा पुढं सरकवला.

अर्पिता चालत आली आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. “आबा, एवढ्या जोरात का मारता? पटिंग म्हणजे हळू ढकलायचं. कोणी शिकवलं नाही का तुम्हांला?”

“न्हाई बाय.”

“कोणीच नाही?”

“हितं कोण हाय शिकवायला?”

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि माझ्याकडून काही आशा नाही हे तिला लगेच कळलं असावं. ती वळून दुसऱ्या आजोबांकडं गेली. “आजोबा, मी उद्या येत नाही.”

“आणि शिबिर?” शिवशंकररावांनी विचारलं.

“तिथं शिकवायला खूप जण आहेत. आबांना कोणीच नाही. त्यांना शिकवावं लागेल मला.” निकितानं काही बोलायला तोंड उघडलं, पण शिवशंकररावांनी हातानंच थांबवलं. मग त्यांनी आपली पटिंगची चांगली काठी पिशवीतून काढली, दिनकररावांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, “मॅडम कडक आहेत. सांभाळा.” माणूस चांगला आहे, हे मी आधीच म्हटलंय. दिनकरराव ती काठी छातीशी धरून रडले, सगळ्या गावासमोर.

गाडी गेली आणि दुसऱ्या सकाळपासून शिकवणी सुरू झाली. कोंबडं आरवतं न आरवतं तोच पलीकडून आवाज येतो, “आबा, हळू. चेंडूला नुसतं उठवायचंय.” एकसष्ट वर्षांचा माणूस अनवाणी उभा राहून “व्हय मॅडम” म्हणतो. दुपारी दोघं भेगांमधून हरवलेले चेंडू काढत पालथे पडलेले असतात. कडूवहिनी हाका मारून मारून थकतात, भाकरी गार होतात, आणि त्यांना त्याचा राग येत नाही.

परवा भर उन्हात दिनकरराव बांध ओलांडून आले. तोंड एवढंसं झालेलं. मी विचारलं, काय झालं.

“बन्सी, चेंडू भोकात जायलाय.”

“मग चांगलंच हाय की.”

“काय चांगलं हाय? काल तीनदा गेला. ती मनली, आबा, आता तुमाला आलं, आता बाकीचं तुमचं तुमी करा.” ते माझ्या बाजेवर बसले. “अन् शाळा उघडायला अजून पंधरा दिस हायत.”

म्हणून सध्या दुपारी अर्पिता झोपली की आम्ही दोघं चोरासारखे ग्रीनवर जातो. मी भोकापाशी बसतो आणि दिनकरराव चुकायचा सराव करतात. मॅडमला संशय येता कामा नये, त्यामुळे फार लांबून चुकून भागत नाही. चेंडू भोकाच्या काठाला लागून, थोडा थांबून, मग बाजूनं जायला हवा. अवघड आहे. आज तीनच जमले, पण एक तर असा गेला की मीसुद्धा आत पडला म्हणून हात घातला.